परदेशात शिकताना पार्ट-टाइम जॉब कसा शोधायचा: व्हिसाच्या तासांपासून पेस्लिपपर्यंत सगळं

बाहेर शिकायला गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाला पहिल्या महिन्यातच पार्ट-टाइम जॉबचे वेध लागतात आणि त्यात काही चूक नाही, खर्च डोळ्यांसमोर दिसत असतो. अडचण ही की माहिती मिळते ती फॉरवर्ड मेसेजमधून नाहीतर दोन-तीन वर्षांपूर्वी गेलेल्या सीनियरकडून, आणि तोवर नियम बदललेले असतात किंवा ते मुळात दुसऱ्याच देशाचे असतात. मी शिकत असताना लायब्ररीच्या काउंटरपासून कॅफेच्या क्लोजिंग शिफ्टपर्यंत कामं केलीत, नंतर बऱ्याच ज्युनियर्सचे सीव्ही बघून दिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. जॉबचं काय, आज नाही तर पुढच्या महिन्यात मिळेल, पण व्हिसा एकदा बिघडला की तो सावरणं फार अवघड जातं. त्यामुळे शोधाशोध जॉब साइटवरून सुरू न करता स्वतःच्या व्हिसाच्या अटींपासून सुरू करा.

आधी तास मोजायला शिका

"स्टुडंटला वीस तास अलाउड असतात" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं पण ते सगळ्या देशांना लागू नाही. यूकेमध्ये डिग्री लेव्हलच्या कोर्सला टर्म चालू असताना आठवड्याला २० तास, डिग्रीच्या खालच्या लेव्हलला १०. कॅनडात ८ नोव्हेंबर २०२४ पासून कॅम्पसबाहेरच्या कामाला आठवड्याला २४ तास. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून दोन आठवड्यांना मिळून ४८ तास. जर्मनीत हिशोब दिवसांचा, १ मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस, आणि चार तासांपर्यंतचं काम म्हणजे अर्धा दिवस. फ्रान्समध्ये वर्षाला ९६४ तास. जपानमध्ये आठवड्याला २८, पण त्यासाठी वेगळी परवानगी काढावी लागते आणि पाचिन्को पार्लर (जुगारासारख्या खेळाची दुकानं), होस्टेस बार असल्या ठिकाणी साधं भांडी घासायचं काम मिळालं तरी चालत नाही. आयर्लंडमध्ये २०, फक्त जून ते सप्टेंबर आणि १५ डिसेंबर ते १५ जानेवारी या काळात ४०. न्यूझीलंडने नोव्हेंबर २०२५ मध्ये २० चे २५ केले. नेदरलँड्समध्ये युरोपबाहेरच्या स्टुडंटसाठी एम्प्लॉयरलाच परमिट काढावं लागतं, आठवड्याला १६ तास किंवा जून-जुलै-ऑगस्टमध्ये फुल टाइम, आणि त्या कागदपत्रांना कंटाळून बरेच छोटे एम्प्लॉयर आधीच नाही म्हणतात, त्यामुळे तिथे जाणाऱ्यांनी पार्ट-टाइमच्या भरवशावर खर्चाचं गणित मांडूच नये.

अमेरिका हा वेगळाच प्रकार आहे. एफ-१ या स्टुडंट व्हिसावर कॅम्पसवरचं काम चालतं, सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास आणि सुट्टीत फुल टाइम. कॅम्पसबाहेर पहिल्या ॲकॅडमिक वर्षात जवळजवळ काहीच नाही, आणि त्यानंतरही सीपीटी (कोर्सचा भाग म्हणून केलेलं काम), ओपीटी (आपल्या विषयातलं, बहुतेक डिग्रीनंतरचं काम) किंवा आर्थिक अडचणीसाठीची परवानगी हातात आल्याशिवाय नाही. समोरच्या गॅस स्टेशनवर "कॅशमध्ये देतो, ये" म्हणणारा माणूस भेटतो, अगदी चांगल्या मनाने म्हणतो, पण तिथे एक शिफ्ट केली तरी ते अनधिकृत काम ठरतं आणि पुढे ओपीटी, वर्क व्हिसा सगळ्यालाच अडथळा होऊ शकतो. शंका आली की इंटरनॅशनल ऑफिसातल्या डीएसओला, म्हणजे स्टुडंट व्हिसाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला, ईमेल करून विचारा, रूममेटला नको.

आता आकडा पाठ करून भागत नाही, तो मोजायचा कसा हे जास्त महत्त्वाचं आहे आणि लोक अडकतात ते इथेच. यूकेमध्ये आठवडा म्हणजे सोमवार ते रविवार, आणि सरासरी चालत नाही. या आठवड्यात १५ केले म्हणून पुढच्या आठवड्यात २५ करता येत नाहीत, दोन ठिकाणी काम असेल तर दोन्हीकडचे तास एकत्र धरतात. शिवाय मास्टर्सवाल्यांनी नीट लक्ष द्या, एक वर्षाच्या टॉट (म्हणजे लेक्चरवर चालणाऱ्या) मास्टर्समध्ये उन्हाळ्यात लेक्चर नसली तरी डिसर्टेशन चालू असतं म्हणून तो काळ टर्मच धरतात, म्हणजे जून-जुलैमध्ये अंडरग्रॅज्युएट मित्र फुल टाइम करत असला तरी तुमचे २० चे २०च.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण घेऊन बघा. पहिल्या आठवड्यात २० तास, दुसऱ्यात २८, बेरीज ४८, म्हणजे सगळं ठीक. तिसऱ्या आठवड्यात मॅनेजर म्हणाला २२ कर आणि तुम्ही केले. पहिला-दुसरा मिळून बरोबर होते पण दुसरा-तिसरा मिळून ५० झाले आणि अट मोडली, कारण पंधरवडा कुठल्याही सोमवारपासून मोजला जातो, प्रत्येक आठवडा मागच्याबरोबरही जोडला जातो आणि पुढच्याबरोबरही. म्हणून जास्त तासांचा आठवडा झाला की त्याच्या पुढचा आठवडा हलका ठेवायचा. फोनमध्ये एक साधी शीट करा: तारीख, सुरू, संपलं, एकूण, कुठे, आणि शिफ्ट संपल्या संपल्या भरा, महिनाअखेरीला आठवून भरलेली शीट काही कामाची नाही. हीच शीट पुढे पगार कमी आला तर पुरावा म्हणूनही लागते.

अजून दोन गोष्टी. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडात कोर्स सुरू व्हायच्या आधी काम सुरू करता येत नाही, महिनाभर आधी पोचलात तरी नाही. आणि हे सगळे आकडे सरकारं बदलत राहतात, तेव्हा तुमच्या देशाच्या इमिग्रेशनच्या अधिकृत साइटवर जाऊन आजचा नियम वाचा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवून द्या.

कागदपत्रं पहिल्या आठवड्यात उरका

जॉब लागल्यावर बघू म्हणाल तर पहिला पगार लांबतो किंवा टॅक्स भरमसाट कापला जातो. बँक अकाउंट, लोकल फोन नंबर आणि त्या त्या देशाचा टॅक्स किंवा सोशल सिक्युरिटीचा नंबर, एवढं तरी आधी करून टाका. यूकेत नॅशनल इन्शुरन्स (एनआय) नंबर, ऑस्ट्रेलियात टीएफएन, कॅनडात सिन, आयर्लंडमध्ये पीपीएस, न्यूझीलंडमध्ये आयआरडी नंबर, जर्मनीत पत्ता रजिस्टर केला की स्टोयर-आयडी पोस्टाने घरी येतो. टीएफएन, सिन किंवा एनआय नंबर काढायला सरकार पैसे घेत नाही, त्यामुळे "काढून देतो, एवढे भरा" म्हणणारी साइट दिसली की ती बंद करायची. अमेरिकेत क्रम उलटा आहे, आधी कॅम्पस जॉबचं ऑफर लेटर, मग ते घेऊन सोशल सिक्युरिटी नंबरसाठी अर्ज.

यूकेत एनआय नंबर यायचा असला तरी काम सुरू करता येतं, मात्र काम करायचा हक्क सिद्ध करावा लागतो आणि तो आता सरकारी साइटवरून काढायच्या ऑनलाइन शेअर कोडने होतो. तिथे एम्प्लॉयरला तुमच्या टर्मच्या तारखांचाही पुरावा लागतो, तर युनिव्हर्सिटीकडून टर्म डेट्सचं लेटर आधीच काढून ठेवा. तोच जॉब दुसऱ्याला जायला कधीकधी एवढा एक कागदही पुरतो, मॅनेजरला सोमवारपासून माणूस हवा असतो आणि तुमचं लेटर गुरुवारी येणार असतं.

पहिला डाव कॅम्पसवर टाका

माझं स्पष्ट मत, पहिला जॉब कॅम्पसवरच शोधा, पगार बाहेरच्यापेक्षा थोडा कमी असला तरी. तिथल्या पेरोलला तुमच्या व्हिसाची अट माहीत असते त्यामुळे जास्त तासांसाठी कोणी मागे लागत नाही, परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी मागितली तर कोणाच्या कपाळाला आठ्या पडत नाहीत, येण्याजाण्यात वेळ जात नाही आणि मुख्य म्हणजे त्या देशातला अनुभव आणि तिथलाच रेफरन्स सीव्हीवर येतो. लोकल एक्सपिरियन्स नाही म्हणून जॉब नाही आणि जॉब नाही म्हणून लोकल एक्सपिरियन्स नाही, हे चक्र सगळ्यात लवकर तुटतं ते इथे. जर्मनीत युनिव्हर्सिटीतली हिवी म्हणजे स्टुडंट असिस्टंटची कामं त्या १४० दिवसांत धरतच नाहीत, कॅनडातही कॅम्पसवरच्या कामाला २४ तासांची मर्यादा नाही.

कॅम्पसवर कामं कुठली असतात याची बऱ्याच जणांना कल्पना नसते. लायब्ररी आणि डायनिंग हॉल सगळ्यांना माहीत असतात म्हणून तिथे गर्दी जास्त. पण आयटी हेल्पडेस्क असतो, जिम आणि स्पोर्ट्स सेंटरचं रिसेप्शन असतं, ओपन डेला नवीन मुलांना कॅम्पस फिरवून दाखवणारे स्टुडंट ॲम्बॅसेडर असतात, अपंग विद्यार्थ्यांसाठी लेक्चरच्या नोट्स काढणारे असतात, माजी विद्यार्थ्यांना फोन करून देणग्या मागायचं काम असतं, परीक्षेत सुपरव्हिजन असतं, हॉस्टेलमध्ये रेसिडेंट असिस्टंट असतो ज्याला बऱ्याच ठिकाणी राहणं फुकट किंवा स्वस्तात मिळतं. ही कामं सेमिस्टर सुरू व्हायच्या आसपास भरतात, काही तर त्याच्याही आधी, त्यामुळे ॲडमिशन कन्फर्म झालं आणि युनिव्हर्सिटीचा ईमेल आयडी चालू झाला की लगेच जॉब पोर्टलवर लॉगिन करून अलर्ट लावून टाका. अमेरिकेत बऱ्याच युनिव्हर्सिटी हँडशेक वापरतात, जर्मनीत बऱ्याच शहरांत स्टेलनवेर्क आहे, बाकी ठिकाणी युनिव्हर्सिटीचं किंवा स्टुडंट युनियनचं स्वतःचं पोर्टल असतं.

टीए-आरए, म्हणजे शिकवण्यात किंवा रिसर्चमध्ये मदतीचं काम, हवं असेल तर प्रोफेसरना मेल टाका, पण शंभर जणांना एकच मेल टाकायचा नाही, तो पहिल्या ओळीतच ओळखू येतो. तीन-चार प्रोफेसर निवडा, त्यांचा अलीकडचा एखादा पेपर खरंच वाचा, आणि पाच-सहा ओळींत लिहा की तुमच्या कामातला हा भाग वाचला, मला हे टूल येतं, ते वापरून मी अमुक प्रोजेक्ट केलाय, आठवड्याला दहा तास देऊ शकते, भेटायला कधी येऊ. उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदा आठवण करा आणि तरीही नाही आलं तर ऑफिस अवर्सना जाऊन दारावर टकटक करा, ते त्यासाठीच ठेवलेले असतात.

कॅम्पसबाहेर

जिथे परवानगी आहे तिथे कॅफे, रेस्टॉरंट, सुपरमार्केट, कपड्यांची दुकानं, वेअरहाउस, हॉटेलचं हाउसकीपिंग, स्टेडियम आणि कॉन्सर्टला स्टुअर्डिंग (गर्दी सांभाळायचं काम), केअर वर्क ही नेहमीची ठिकाणं. मोठ्या चेनची दुकानं फक्त ऑनलाइन अर्ज घेतात, तिथे कागदी सीव्ही दिला तर तो काउंटरखालीच राहतो. छोट्या कॅफे-रेस्टॉरंटला मात्र स्वतः गेलेलं आजही चालतं. यूकेत ख्रिसमसची सीझनल भरती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होते, म्हणजे नवीन आलेल्यांना अगदी वेळेवर, आणि त्यातले जे नीट काम करतात त्यांना जानेवारीनंतर ठेवूनही घेतात. इंडीड बहुतेक देशांत चालतं, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला सीक, कॅनडाला सरकारचीच जॉब बँक.

काही कामांना आधी सर्टिफिकेट लागतं. ऑस्ट्रेलियात दारू सर्व्ह करायची तर आरएसए नावाचं सर्टिफिकेट, यूकेत केअर होममध्ये किंवा मुलांबरोबर काम असेल तर डीबीएस चेक, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी. अशी सर्टिफिकेटं आधीच असतील तर सीव्ही वरच्या ढिगात जातो.

डिलिव्हरीबद्दल नीट समजून घ्या. सायकल घ्यायची, ॲप डाउनलोड करायचं आणि हवं तेव्हा काम करायचं हे दिसायला सोपं आहे, पण बऱ्याच देशांत तो रायडर सेल्फ-एम्प्लॉइड धरला जातो, आणि यूकेच्या स्टुडंट व्हिसावर सेल्फ-एम्प्लॉयमेंटला पूर्ण बंदी आहे, तास कितीही कमी असले तरी. फ्रीलान्स डिझाइन, स्वतःची ट्यूशन हेही त्यातच येतं. जर्मनीतही स्वतंत्र धंद्याला परदेशी नागरिकांच्या ऑफिसची वेगळी परवानगी लागते. ऑस्ट्रेलियात एबीएन (स्वतःच्या धंद्याचा नंबर) काढून करता येतं पण ते तास त्या ४८ मध्येच मोजले जातात. आणि दुसऱ्याचं डिलिव्हरी अकाउंट भाड्याने घेऊन चालवणं तर कुठेच नको. पैसे त्याच्या खात्यात जमा होतात, त्याने दिले तर दिले, आणि पकडले गेलात तर रस्त्यावर तुम्ही असता.

सीव्ही दोन ठेवा

एक तुमच्या फील्डचा आणि एक शिफ्टच्या कामांचा. कॅफेच्या मॅनेजरला मशीन लर्निंगचा प्रोजेक्ट वाचायला वेळ नाही, उलट हा दोन महिन्यांत इंटर्नशिप लागली की पळणार असंच त्याला वाटतं. शिफ्टचा सीव्ही एक पानाचा: नाव, लोकल फोन, कुठल्या भागात राहता, आणि लगेच खाली अव्हेलेबिलिटी, म्हणजे मंगळवार-गुरुवार पाचनंतर, शनिवार-रविवार पूर्ण दिवस, असं स्पष्ट. खरं सांगायचं तर मॅनेजर सगळ्यात आधी हेच शोधतो, त्याच्या रोस्टरमध्ये जिथे भोक आहे तिथे तुम्ही बसता का एवढंच त्याला बघायचं असतं. त्याच्या खाली एक ओळ, स्टुडंट व्हिसा आहे, टर्ममध्ये आठवड्याला एवढे तास, सुट्टीत फुल टाइम. लपवू नका, नंतर कळलं तर वाईट दिसतं आणि आधी लिहिलं तर नियम माहीत असलेला माणूस म्हणून वजन वाढतं.

यूके, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात सीव्हीवर फोटो, जन्मतारीख, लग्न झालंय का, वडिलांचं नाव यातलं काहीही टाकायचं नाही. जर्मनीत फोटो अजून बरेच जण लावतात, सक्तीचा नाही. अनुभव नाही म्हणून पान रिकामं सोडू नका, कॉलेजच्या फेस्टिव्हलला रजिस्ट्रेशनचं टेबल सांभाळलं असेल, एनजीओत वीकेंडला शिकवलं असेल, घरच्या व्यवसायात हिशोब बघितला असेल, तर ते लिहा, आणि "जबाबदार होते" असं मोघम न लिहिता नेमकं काय केलं ते लिहा: रांग सांभाळली, कॅश घेतली, दिवसाच्या शेवटी टॅली केली. केलं नसेल ते मात्र लिहायचं नाही, बॅरिस्टाचा अनुभव लिहिलात तर ट्रायलला, म्हणजे चाचणीच्या शिफ्टला, पहिल्याच मिनिटाला दूध फेसायला सांगतात.

युनिव्हर्सिटीच्या करिअर सेंटरमध्ये सीव्ही फुकट तपासून देतात, मॉक इंटरव्ह्यूही घेतात. फीमध्येच धरलेली सोय आहे ही, आणि तरी निम्मे लोक तिकडे फिरकतच नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुकानात गेल्यावर

वेळ फार महत्त्वाची. रेस्टॉरंट-कॅफेत दुपारी साधारण तीन ते साडेचारच्या मध्ये जा, जेवणाची गर्दी ओसरलेली असते आणि संध्याकाळची सुरू व्हायची असते. शुक्रवार-शनिवार टाळा. दारातून आत गेलात की काउंटरवरच्या मुलीला "जॉब आहे का" विचारू नका, तिला माहीत नसतं आणि ती सवयीने नाही म्हणते. मॅनेजर आहेत का, दोन मिनिटं बोलायचं होतं, असं विचारा. नसतील तर नाव आणि कधी असतात ते विचारून ठेवा आणि त्या वेळेला परत जा, नाव घेऊन विचारलं की फरक पडतो. मॅनेजर समोर आले की नाव सांगा, इथेच जवळ राहते, या या दिवशी मोकळी आहे, पुढच्या आठवड्यापासून सुरू करू शकते, आणि सीव्ही हातात द्या. एवढंच. भाषा परफेक्ट नसली तरी चालते पण पुटपुटू नका आणि फोन खिशात ठेवा. बाहेर आलात की दुकानाचं नाव, तारीख, कोणाशी बोललात ते त्याच शीटच्या दुसऱ्या टॅबमध्ये टाका, कारण आठ दिवसांनी फोन येतो तेव्हा हे कुठलं कॅफे तेच आठवत नाही.

जिथे स्थानिक भाषा वेगळी आहे, जर्मनी, फ्रान्स, जपान वगैरे, तिथे भाषा नसेल तर किचन, वेअरहाउस, हाउसकीपिंग, पॅकिंग एवढंच उरतं. तिथल्या भाषेत ऑर्डर घेता येईल इतकं शिकलात तरी पर्याय एकदम वाढतात, म्हणून जाण्याच्या सहा महिने आधीपासून भाषा सुरू करणं ही जॉबचीच तयारी समजा.

इंटरव्ह्यू बहुतेक दहा मिनिटांचा. चिडलेला कस्टमर आला तर काय कराल, टीममध्ये कोणाशी खटका उडाला तर काय, इथेच का काम करायचंय. पैशांची गरज आहे हे सगळ्यांना माहीत असतं, ते सोडून दुसरं एक खरं कारण सांगा. ट्रायल शिफ्टला बोलावलं तर आधीच विचारा, किती वेळ आणि पैसे देणार का. तुम्हाला काम येतं की नाही हे बघण्यापुरता छोटा ट्रायल ठीक, ऑस्ट्रेलियात तर कायदाच सांगतो की बिनपगारी ट्रायल कौशल्य दाखवायला लागेल तितकाच वेळ आणि कोणाच्या तरी देखरेखीखाली. गर्दीच्या शनिवारी पूर्ण सहा तास राबवून घेतलं आणि मग "कळवतो" म्हणाले तर तो ट्रायल नव्हे, ती फुकटची मजुरी, आणि त्याचे पैसे मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पैसे, पेस्लिप आणि फसवणूक

गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, आणि नेमक्या याच गोष्टीचा फायदा घेणारे लोक तिथेही असतात, कधीकधी आपलीच भाषा बोलणारे. किमान वेतन स्टुडंटलाही लागू असतं. जर्मनीत १ जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे, यूकेत एप्रिल २०२५ ला २१ वर्षं आणि त्यावरच्यांसाठी १२.२१ पाउंड झालं आणि ते दर एप्रिलला बदलतं. ऑस्ट्रेलियात कॅज्युअल (म्हणजे ठरावीक तासांची हमी नसलेले) असाल तर साधारणपणे मूळ रेटवर २५ टक्के लोडिंग, म्हणजे जादा पैसे, मिळतं, त्याशिवाय एम्प्लॉयरने १२ टक्के सुपर, म्हणजे निवृत्तीच्या फंडातली रक्कम, भरायची असते. "तू स्टुडंट आहेस म्हणून इतकेच" हे वाक्य कुठल्याही कायद्यात नाही.

पहिली पेस्लिप आली की चहाचा कप घेऊन शांतपणे वाचा. तास तुमच्या शीटशी जुळतात का, रेट ठरलेलाच आहे का, टॅक्स किती कापला, सुट्टीचे पैसे कुठे दिसतात. यूकेत टॅक्स कोडच्या शेवटी डब्ल्यू१ किंवा एम१ दिसलं तर तो इमर्जन्सी कोड, म्हणजे तुमची पूर्ण माहिती येईपर्यंतचा तात्पुरता कोड आहे, आयर्लंडमध्येही जॉब रजिस्टर केला नाही तर इमर्जन्सी टॅक्स लागतो आणि पहिला पगार बघून धक्का बसतो, पण माहिती अपडेट केली की जास्त कापलेले परत येतात. यूकेत टॅक्स वर्षात १२,५७० पाउंडपर्यंतच्या कमाईला इन्कम टॅक्स नसतो, तेव्हा थोडेच तास काम असून टॅक्स कापला जात असेल तर विचारा.

कॅशची ऑफर बऱ्याच जणांना येते. "वीस तास पेरोलवर दाखवू, वरचे कॅशने देऊ." एका ज्युनियरला रेस्टॉरंटच्या मालकाने अगदी हेच सांगितलं आणि दोन महिने बरं चाललं, तिसऱ्या महिन्यात कॅश थांबली आणि मागितल्यावर उत्तर आलं की जा, तक्रार कर, तुझाच व्हिसा जाईल. या व्यवहारात सगळी नाडी समोरच्याच्या हातात असते, म्हणून मुळात त्यात पाऊल टाकू नका. आणि आधीच अडकला असाल तरी मार्ग असतो: युनिव्हर्सिटीच्या किंवा स्टुडंट युनियनच्या ॲडव्हाइस सेंटरला जा, यूकेत कामाच्या हक्कांबद्दल सल्ला देणाऱ्या अकासची हेल्पलाइन आहे, ऑस्ट्रेलियात पगाराच्या तक्रारी घेणारा फेअर वर्क ओम्बड्समन आहे आणि तिथे १ जुलै २०२४ पासून व्हिसाची भीती दाखवून राबवून घेणं हा एम्प्लॉयरचाच गुन्हा ठरवलाय.

काही गोष्टी दिसल्या की सरळ मागे फिरा. जॉबसाठी डिपॉझिट, ट्रेनिंग फी, युनिफॉर्मचे आगाऊ पैसे. पासपोर्ट ठेवून घेतो म्हणणारे. इंटरव्ह्यू न घेता मेसेजवरच जॉब. "व्हिडिओ लाइक करा आणि कमवा." चेक पाठवतो, तो भरा आणि उरलेले पैसे परत पाठवा (तो चेक नंतर बाउन्स होतो आणि पाठवलेले पैसे तुमचे जातात). आणि सगळ्यात वाईट म्हणजे तुमच्या अकाउंटमध्ये पैसे येतील, थोडे ठेवून पुढे पाठवा. ते मनी लाँडरिंग आहे, अकाउंट बंद होतं, पोलिस केस होते, आणि "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटका होईल याची काही खात्री नाही.

अभ्यास सांभाळून

तास अलाउड आहेत म्हणजे तेवढे करायलाच हवेत असं नाही. पहिल्या सेमिस्टरला बारा-पंधरा तासांच्या वर जाऊ नका असं मी सगळ्यांना सांगते, कारण शिकवण्याची पद्धत नवी, असाइनमेंट नव्या, आणि अटेंडन्स किंवा क्रेडिट घसरले तर व्हिसाचाच पाया हलतो. फी पार्ट-टाइममधून निघत नाही, राहण्या-खाण्यातला काही भाग निघतो, गणित त्या हिशोबानेच मांडा. असाइनमेंटच्या तारखा सेमिस्टरच्या सुरुवातीलाच कळतात, त्या दिवशीच मॅनेजरला लेखी देऊन टाका की या दोन आठवड्यांत मी कमी येईन. आदल्या दिवशी शिफ्ट कॅन्सल करणाऱ्याचे तास मग आपोआप कमी होतात. क्लोजिंग शिफ्ट घेताना शेवटची बस किती वाजता आहे ते आधी बघा, टॅक्सीत तासा-दोन तासांची कमाई गेली तर त्या शिफ्टला काही अर्थ नाही.

नोकरी सोडताना कॉन्ट्रॅक्टमधला नोटीस पिरियड बघा, ईमेलवर लेखी द्या आणि रेफरन्स द्याल का ते तेव्हाच विचारा, मॅनेजर बदलून गेल्यावर शोधत बसावं लागतं. यूकेत पी४५ (त्या जॉबमधला पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा कागद) घेतल्याशिवाय निघू नका, पुढच्या जॉबला तो लागतो. अमेरिकेत कमाई झाली नसली तरी एफ-१ वाल्यांना टॅक्स खात्याचा फॉर्म ८८४३ भरायचा असतो, आणि नॉन-रेसिडेंट असताना, म्हणजे साधारण पहिली पाच कॅलेंडर वर्षं, पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा टॅक्स कापायचा नसतो, कापला असेल तर आधी पेरोलकडे परत मागा. ऑस्ट्रेलिया कायमचं सोडणार असाल तर सुपरमध्ये साठलेले पैसे डीएएसपी नावाच्या अर्जाने मिळतात, टॅक्स बराच कापतात पण तरी ते तुमचेच आहेत. अर्ज मंजूर होतो तो देश सोडल्यावर आणि व्हिसा संपल्यावर किंवा रद्द झाल्यावर, त्यामुळे निघायच्या आधी सुपर फंडाचं लॉगिन, मेंबर नंबर आणि तिथला ईमेल सगळं जपून ठेवा, आणि युनिव्हर्सिटीचा ईमेल दिला असेल तर तो बदलून स्वतःचा टाका, कारण पास आउट झाल्यावर तो कधीही बंद होऊ शकतो आणि मग ओटीपी यायलाच मार्ग उरत नाही.